पोटातलं पाणी

फलजच्या सनायात, पत्र्याच्या छपराखाली
माझी पजेरो अधांतरी, चारी चाकं उतरवलेली.
ट्रेमध्ये डिझेलात बुडालेली बुशिंगं,
चेपून चेपून लंबगोल झालेली,
कुणाच्या तरी गुडघ्यातून काढल्यासारखी.

दादकरीम जुना शॉकअप जमिनीवर उभा दाबतो
आणि सोडतो.
तो वर येत नाही.
"हा तर मेलाय, साहेब. रमझानच्या आधीच गेला असणार.
मय्यत घेऊन फिरत होता तुम्ही."

आणि मी इतके दिवस
रस्त्याला शिव्या देत होतो.

भिंतीवर स्प्रिंगा टांगल्यात, फिक्या निळ्या, राखाडी,
आणि मधे ती भडक लाल.
मी लाल दाखवतो.
दोन महिने झोपण्याआधी तिचंच वाचत होतो मी,
अडीच इंच उंची, वादीतले गोटे, वाळूचा कडा,
मान ताठ करून उभी गाडी.

"गाडीत काय असतं?" दादकरीम विचारतो.
म्हणजे?
"म्हणजे वजन. रोजचं. खरं सांगा."

रविवार ते गुरुवार मी, त्र्याऐंशी किलो.
हेल्मेट, बूट, एक डबा.
बंदराच्या गेटापर्यंत सदतीस किलोमीटर,
एकोणीस स्पीडब्रेकर, त्यातले चार रंग न दिलेले,
आणि ताकाची बाटली,
जी अकराव्याला हमखास झाकण सोडते.
सीटकव्हरला जिरेपुडीचा वास येतो, बघा हवं तर.

"आणि जुम्माला?"

जुम्माला... पूर्वी नंबियार असायचे, त्यांच्या दोन पोरी,
पाण्याचे कॅन, कोळशाची गोण,
शेगडी, चटई, टपावर जादा चाक.
मागचं माणूस पुढच्याला ओरडून सांगायचं, हळू!
नंबियार गेले कोट्टयमला, कायमचे.
शेगडी आमच्या बाल्कनीत आहे.
तिच्यात ऋजुतानं कोरफड लावलीय.

दादकरीम सिगारेटच्या पाकिटावर लिहितो,
एक आदमी, एक डबा.
मग लाल स्प्रिंगवर पालथा हात आपटतो.
"हिला रोज तीनशे किलो लागतात, साहेब.
तुम्ही दिले नाहीत
तर ती तुमच्या मणक्यांतून वसूल करेल."

मी त्याला आमच्या भाषेतला वाक्प्रचार सांगू पाहतो,
की चांगल्या गाडीत माणसाच्या
पेट का पानी नहीं हिलता.
तो माझ्या पोटाकडे नीट बघतो
आणि इतका हसतो की पलीकडचा वेल्डर
काच वर करून बघतो, काय झालं.

फिकी निळी बसवली शेवटी.
दीड इंच. आधी नमतं घेणारी, फार दाबलं तर अडणारी.
शॉकअप मात्र चांगले, बुडाशी खटका असलेले.
"तीनवर रोज. सातवर वादी."
एकशे पंचेचाळीस रियाल, बुशिंगं आणि मजुरी वेगळी.
चहा त्याच्याकडून.

ऋजुता खाली येऊन गाडीला एक फेरी मारते.
"होती तशीच तर दिसतेय!
आणि तुझ्या गुडघ्यांचं काय?"

सोमवारी अकरावा ब्रेकर आला कधी, गेला कधी.
बाराव्याला मी बाटलीकडे पाहिलं.
ती खिडकीबाहेर बघत बसल्यासारखी
गप्प.
मंगळवारी पण. बुधवारी पण.
ऑफिसात ताक पुरं पोचलं
आणि मला ते थोडं जास्तच वाटलं.

गुरुवारी रात्री पार्किंगमध्ये
मोबाइलचा उजेड दातांत धरून
मी चाकामागे हात घालतो.
धूळ. ग्रीस. खटका सापडतो.
टक्. टक्. टक्. टक्.
मग दुसरं चाक. मग गुडघे टेकत टेकत मागची दोन.

वरून, बाल्कनीतून, ती विचारते, काय हरवलं रे?

मोबाइल तोंडातून काढतो.
"काही नाही. शेगडी रिकामी करतेस का?
उद्या जरा हलू दे."